व्याह्यांना दाखवलेलं ठाणं

"ठाण्यात बघण्यासारखं काय आहे?" असं कुणी विचारलं की सुमती गुप्ते घाईघाईने विषय बदलायला बघायची. कारण तिचे यजमान हरिहरराव त्या प्रश्नाचं उत्तर द्यायचे, आणि ते तोंडी देऊन थांबत नसत, माणसाला फिरवून देत. नागपूरहून आलेल्या चुलतदिराला त्यांनी एकदा एका दिवसात इतके तलाव दाखवले की तो बिचारा परत जाताना म्हणाला, वहिनी, आता महिनाभर बादलीत पाणी बघितलं तरी नको वाटेल. तेव्हापासून त्यांच्याकडे येणारे पाहुणे शहाणे झाले होते. ते आल्या आल्या सांगत, आमचं ठाणं सगळं बघून झालंय हो.

ह्या वेळी मात्र प्रश्न विचारला तो होणाऱ्या व्याह्यांनी. त्यांना कोण अडवणार?

गुप्त्यांच्या ऋजुताचं लग्न चित्र्यांच्या अपूर्वशी ठरलं होतं. दोघं पुण्याला नोकरीला, दोघांनीच ठरवलेलं, आणि ठरवून झाल्यावर "लग्न कुठे करायचं ते तुम्ही चौघं बघा" असं म्हणून दोघं मोकळे झाले. झालं, चौघं बघायला लागले. अपूर्वचे वडील उत्तमराव चित्रे खाणीतले इंजिनियर. तरुणपणी नोकरीसाठी उदयपूरला गेले ते तिथलेच झाले. निवृत्तीनंतर घरही तिथेच बांधलं. त्यांचं म्हणणं, लग्न उदयपूरला, तलावाकाठच्या हवेलीत, डिसेंबरात. हरिहररावांचं म्हणणं, मुलीचं लग्न मुलीच्या गावी, म्हणजे ठाण्यात, आणि तलावच हवा असेल तर ठाण्यात तलावांना काय तोटा?

फोनवर हा वाद चार वेळा झाला. दोघंही इतके गोड बोलत होते की भांडण मिटायची काही आशाच नव्हती. शेवटी हरिहररावांनी फर्मान काढलं. म्हणाले, "उत्तमराव, तुम्ही दोघं या. एक दिवस मला द्या. ठाणं बघा आणि मग बोला."

आता खरी गोष्ट सांगायला हवी. ह्या घरात उदयपूरच्या बाजूने एक माणूस फितूर होतं, आणि ते म्हणजे सुमती.

सुमती माहेरची डोंबिवलीची. तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या दाराला एक जुनं कॅलेंडर टांगलेलं असायचं. तारखा कधीच संपलेल्या, पण चित्रासाठी ठेवलेलं. निळं पाणी आणि पाण्याच्या मधोमध पांढरा महाल. पोळ्या लाटताना तिला तोच दिसायचा. लग्न झाल्यावर तिने नव्या नवरीच्या धिटाईने सांगितलं होतं, आपण उदयपूरला जाऊ या का? हरिहरराव म्हणाले होते, जाऊ की. आणि पाचगणीला नेलं, कारण तिथे मावशीची खोली रिकामी होती. नंतर एकदा ऋजुता लहान म्हणून राहिलं, एकदा सासऱ्यांचं ऑपरेशन निघालं, एकदा नुसतंच राहिलं. आणि मग हरिहरराव म्हणायला लागले, "तलावच बघायचे ना? संध्याकाळी तयार राहा." असं म्हणून ते तिला मासुंदा तलावाच्या काठी, तलावपाळीवर भेळ खायला न्यायचे. भेळ चांगली असायची, त्याबद्दल तिची तक्रार नव्हती.

तर आता मुलीचं लग्नच उदयपूरला होणार म्हटल्यावर तिला जाऊ नको म्हणायची कुणाची छाती होती? मुलीच्या आईला वगळून कन्यादान करणार का? सुमतीने देवाजवळ निरांजन लावून मनात म्हटलं, उत्तमरावांना बळ दे. आणि देवावर सगळं न टाकता स्वतःही कामाला लागली.

पहिलं काम वाराचं. व्याह्यांना सोमवारी बोलावू, असं तिनेच सुचवलं. हरिहररावांना वाटलं, ठाण्याच्या शंकराचा, कौपिनेश्वराचा वार म्हणून ही म्हणतेय, किती भाविक बायको आपली. वास्तविक गुप्ते आणि चित्रे दोघंही कायस्थ प्रभू. उत्तमरावांना उदयपुरात बसून पापलेटाची स्वप्नं पडत असणार हे सुमतीला पक्कं ठाऊक होतं. ठाण्याच्या बाजूने सगळ्यात मोठा वकील कोण असेल तर तो मासळीबाजार. सोमवारी घरात मासा शिजत नाही. वकिलाला तिने घरीच बसवला.

सोमवारी सकाळी चित्रे पतीपत्नी आले. उत्तमराव उंच, हसरे, गळ्यात कॅमेरा. मालनताई ठेंगण्या, अबोल, नेसलेली साडी सारखी सारखी करणाऱ्या. त्यांचं माहेर कल्याणचं, पण आईवडील गेले, जुनं घर पाडून तिथे इमारत उठली, त्यामुळे आता इकडे येणं होत नाही, एवढं सुमतीला माहीत होतं. हरिहररावांना तर तेवढंही लक्षात ठेवायची गरज वाटली नव्हती. अस्सल ठाणेकराच्या मते ठाण्याच्या पुढे जे काही आहे ते वाटेत लागतं, एवढंच.

"आधी उपवन तलाव," हरिहररावांनी जाहीर केलं. "सकाळच्या उन्हात बघायला हवं. लवकर निघू."

"आधी थालीपीठ," सुमती म्हणाली आणि चांगली जाडजूड थालीपीठं सावकाश, एकेक करून लावायला बसली. उपवनला पोचेपर्यंत सकाळचं कोवळं ऊन केव्हाच संपलं होतं आणि डोक्यावरचं सुरू झालं होतं.

चार माणसांना एक रिक्षा पुरत नाही म्हणून दोन केल्या. पुढच्या रिक्षात पुरुष, मागच्या रिक्षात बायका. पण म्हणून मागच्या रिक्षाची सुटका झाली असं कुणी समजू नये. हरिहरराव पुढून सुमतीला फोन लावत, ती तो स्पीकरवर टाकी, आणि मग आवाज येई, "डावीकडे बघा, डावीकडे!" मागची रिक्षा तिथे पोचेपर्यंत डावीकडे पंक्चरवाला असायचा. मालनताई आज्ञाधारकपणे पंक्चरवाल्याकडे बघत. दोनदा तर सुमतीलाच त्यांची दया आली.

उपवनला उत्तमराव मनापासून म्हणाले, "वा, छान आहे हो. डोंगर मागे आहे, झाडी आहे."

हरिहररावांची छाती फुगली. "आहे ना? मग?"

"रविवारी येऊन बघा," सुमती गोड आवाजात म्हणाली. "पाय ठेवायला जागा नसते. गाड्या तर इतक्या लागतात, विचारू नका. लग्नाच्या दिवशी वऱ्हाड अर्ध्या वाटेत उतरून चालत यायचं."

हरिहररावांनी तिच्याकडे बघितलं. ती पाण्याकडे बघत होती.

उत्तमरावांनी खिशातून फोन काढला. "आमच्या फतेहसागरला कसं आहे, काठाकाठाने रस्ताच आहे मोठा. हे बघा. संध्याकाळी दिवे लागले की बघत राहावं. डिसेंबरात थंडी मात्र कडक, स्वेटर हवाच. आणि हा पिछोला. हा त्याच्या मधोमध लेक पॅलेस, पाण्यातनंच वर आल्यासारखा. तो काठावरच्या सिटी पॅलेसच्या झरोक्यात बसून बघायचा. जगदीश मंदिराच्या पायऱ्या चढून गेलात की…" सुमती मान पुढे काढून बघत होती. तोच तो. निळ्या पाण्यातला पांढरा. कॅलेंडरवर थोडा फिका होता. तिचा हात नकळत फोनकडे गेला आणि तिने तो पदराला लावला.

"फोटोत सगळंच छान दिसतं," हरिहरराव म्हणाले. "चला, पुढचा."

पुढचा तलाव पाचपाखाडीतला. खरंच नीटनेटका, भोवती चालायला वाट, बाकांवर पेन्शनर. हरिहरराव नाव न घेता त्याची सगळी माहिती सांगत होते. आजवर एवढ्या पाहुण्यांना दाखवून ते एक शिकले होते, ह्या तलावाचं नाव शक्यतो सांगायचं नाही.

"ह्याचं नाव काय हो?" मालनताईंनी विचारलं. सकाळपासूनचा त्यांचा हा पहिला प्रश्न.

"कचराळी," सुमतीने तत्परतेने सांगितलं. "कचराळी तलाव. पत्रिकेत घालायला तसं सुटसुटीत आहे."

उत्तमरावांना खोकला आला. हरिहरराव तलावाची लांबीरुंदी सांगायला लागले. ते पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झालेले, पाणी म्हटलं की त्यांना आकडे सुचत. आणि ह्या सगळ्यात मालनताईंचा चेहरा मात्र पडत चालला होता. सुमतीने तो हेरला आणि तिला मनातून बरं वाटलं. आवडत नाहीये विहीणबाईंना. चला, काम फत्ते होतंय.

तिसरा तलाव दाखवायला हरिहररावांनी सगळ्यांना एका मोठ्या फाटकाशी उभं केलं. फाटकावर सोनेरी अक्षरांत पाटी, 'लेक पॅलेस'. आत तीन टॉवर आणि त्यांच्या पायाशी दोन मजली पार्किंग.

"हा बघा," हरिहरराव म्हणाले.

चित्रे दांपत्याने बघितलं. वॉचमनने ह्या चौघांकडे बघितलं.

"कुठे?" उत्तमराव म्हणाले.

"इथेच. हे पार्किंग आहे ना, इथे पाणी. तिकडे पायऱ्या होत्या. त्या टॉवरच्या लिफ्टपाशी वडाचं झाड. मी पोहायला इथे शिकलो. ठाण्यात पूर्वी साठावर तलाव होते म्हणतात. राहिले असतील त्यातले निम्मेअर्धे." त्यांचा आवाज जरा खाली आला. "चांगला होता हो. तळ दिसायचा."

हे ऐकून सुमतीला काहीतरी बोलायचं होतं, ते तिने गिळलं. नवऱ्याची थट्टा करावी, पण तिलाही वेळ असते. लग्न झाल्यावर तिने स्वतः त्या पायऱ्यांवर बसून पाय पाण्यात सोडले होते.

"किसके घर जाना है?" वॉचमनने विचारलं.

"तळाशी," हरिहरराव म्हणाले आणि रिक्षाकडे वळले.

"बघा उत्तमराव," रिक्षात बसता बसता ते पुन्हा नेहमीसारखे झाले, "पॅलेस आमच्याकडेही आहे."

दुपारी घरी वालाचं बिरडं, आळूवडी, सोलकढी, खीर. उत्तमरावांनी बिरड्याला दाद दिली, पण दर घासाला त्यांची नजर स्वयंपाकघराकडे जात होती. शेवटी त्यांनी विचारलंच, "आज सोमवार नाही का?" सुमती म्हणाली, "हो ना, बघा कसा नेमका आला."

जेवून पुरुष मंडळी लवंडली. घोरण्यात मात्र दोघांचा कसलाही मतभेद नव्हता.

उन्हं उतरल्यावर चौघं कौपिनेश्वराला गेले. सोमवार म्हणून रांग होती. दर्शन घेऊन पुरुष बाहेर पडले, कारण समोरच्या मासुंदा तलावावर बोटी सुटतात त्या हरिहररावांना दाखवायच्या होत्या आणि उत्तमरावांना त्या पिछोल्यातल्या बोटींपेक्षा लहान आहेत हे सांगायचं होतं. बायका सभामंडपात टेकल्या. मालनताई गाभाऱ्याकडे तोंड करून, हात जोडून बराच वेळ बसल्या. ओठ हलत होते. मग त्यांनी डोळे पुसले.

"पाय दुखले का हो?" सुमतीने विचारलं. "ह्यांचं असंच आहे. माणसाला दमवून सोडतात."

"नाही नाही." मालनताईंनी पदर सारखा केला. "सुमतीताई, इथून टिटवाळा किती लांब आहे हो आता?"

"टिटवाळा? तासभर लागेल. का, गणपतीला जायचंय?"

"दादा असतो माझा तिथे. कल्याणचं घर गेल्यावर तिकडे जागा घेतली त्याने. एकटाच आहे." त्या थांबल्या. "त्याच्या किडन्या गेल्यात. डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा. त्यामुळे कुठे जाता येत नाही त्याला. शेजारच्या आंबिवलीच्या डॉक्टरांपर्यंत जाऊन आला तरी दुसरा दिवस झोपून काढतो."

सुमतीला अजून काही उमजलं नव्हतं. ती नुसती "अगं बाई" म्हणाली.

"अपूर्वच्या मुंजीत मामा म्हणून त्यानेच सगळं केलं. काय मिरवला होता! तेव्हाच म्हणालेला, लग्नात अंतरपाटाशी मी ह्याच्या मागे उभा राहणार, मला कुणी हलवायचं नाही." मालनताईंनी खालच्या मानेने फरशीवरचं एक बेलाचं पान उचललं. "आता उदयपूरला म्हणजे तो नाहीच येणार. हे म्हणतात विमानाने आणू, तिकडच्या हॉस्पिटलात सोय करू. ह्यांना सगळं सोपं वाटतं. मनाने चांगले आहेत, पण एकदा ठरवलं की… दादा मला म्हणाला, तू माझ्यापायी काही बोलू नकोस, चुलतभावाला उभा कर. मी काही बोलले नाही. मुलाकडचे आम्ही. आम्ही तोंड उघडलं की ती मागणी होते. तुमच्यावर कशाला ओझं टाकायचं?"

"पण आमचे हे तर इथेच करा म्हणतायत," सुमती म्हणाली. म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला.

"तेच तर. मला वाटलं, देवच बोलतोय त्यांच्या तोंडून. काल रात्रीपासून मी म्हणतेय, शंकरा, हरिहररावांचे तलाव ह्यांना आवडू देत. सकाळी उपवनला ह्यांना आवडलंही होतं. मी ह्यांचा चेहरा ओळखते." मालनताईंनी मान वर केली आणि अगदी सरळ, कसलाही राग न धरता विचारलं, "सुमतीताई, तुम्हाला ठाणं आवडत नाही का हो?"

सुमतीला जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. थालीपीठं, रविवारची गर्दी, पत्रिकेत घालायला सुटसुटीत नाव, सोमवार. एकेक करून तिने ह्या बाईच्या वाटेत दगड टाकले होते आणि वर तिचा पडलेला चेहरा बघून खूष झाली होती. लाज वाटली तिला, खरोखरची. आणि त्या लाजेच्या मागोमाग दुसरंही एक वाटलं, ते म्हणजे कॅलेंडरवरचा महाल आता गेला.

"ठाणं आवडतं हो," ती म्हणाली. "मला उदयपूर जास्त आवडतं. न बघताच." आणि मग तिने सगळं सांगून टाकलं. कॅलेंडर, पाचगणी, भेळ. सोमवारचंही सांगितलं.

सोमवारचं ऐकून मालनताई हसायला लागल्या. तोंडाला पदर लावून हसल्या, पुजाऱ्याने वळून बघितलं तरी थांबेनात. "मासे म्हणून? अहो, ह्यांनी कोलंबीसाठी लग्न इथेच लावलं असतं."

"मला माहितेय. म्हणून तर."

हसून झाल्यावर मालनताई म्हणाल्या, "मग राहू द्या. उदयपूरच करू. तुम्ही तरी बघाल. दादाचं काय, तो समजूतदार आहे."

"गप्प बसा हो तुम्ही," सुमती म्हणाली. विहिणीला असं बोलायचं नसतं, पण तिला दुसरं काही सुचलं नाही. ती उठली आणि चपला शोधायला लागली.

तलावपाळीवर बाकड्यापाशी दोघं व्याही उभे होते. उत्तमरावांच्या हातात भेळ होती, चेहऱ्यावर निर्णय होता. बायकांना बघून त्यांनी घसा साफ केला.

"तर वहिनी, हरिहररावांना मी हेच सांगत होतो. ठाणं छानच आहे. मासुंदा सुंदर. भेळ तर फारच सुंदर. पण मला वाटतं, एकंदरीत बघता…"

"लग्न ठाण्यात होईल," सुमती म्हणाली.

हरिहररावांच्या हातातला भेळेचा चमचा तसाच राहिला.

"अहो, पण सकाळपासून तुम्हीच म्हणत होतात," उत्तमराव गोंधळले, "गर्दी काय, गाड्या काय…"

"तक्रार मी करणार. माझं गाव आहे. मी इथे सून म्हणून आले, मुलगी इथे वाढवली, आणि तिचं लग्न परक्या गावी? मला चालणार नाही. मुलीच्या आईचा हट्ट म्हणा, काय वाटेल ते म्हणा."

"परकं कसं? आमचं गाव आहे. आणि तुम्हालाही बघायला मिळेल. तुम्ही फोटो बघताना मला वाटलं होतं की…"

"मला उदयपूर बघायची मुळीच हौस नाही," सुमती म्हणाली.

हे एवढं वाक्य तिने तलावाकडे बघत म्हटलं. माणसांकडे बघून तिला ते जमलं नसतं.

उत्तमराव दुखावले. ते लपवू शकणारा माणूस नव्हता तो. भेळ त्यांनी बाकड्यावर ठेवली. लग्नात रुसायचा हक्क मुलाच्या आईचा असतो, इथे मुलीच्या आईने तो आधीच बळकावला होता. त्यांनी मदतीसाठी बायकोकडे बघितलं. बायको विहिणीचा हात धरून उभी होती.

"तुझं काय म्हणणं आहे?" त्यांनी विचारलं.

"त्यांच्या मनाविरुद्ध नको," मालनताई म्हणाल्या.

"मग संपलंच." त्यांनी हात झटकले. "बरं. ठाणं तर ठाणं."

हरिहररावांचा आनंद काय सांगावा! "मी म्हटलं नव्हतं, उत्तमराव? एकदा माणसाने नीट बघितलं की…" ते हॉलची नावं सांगायला लागले.

मालनताईंना मात्र धीर निघेना. त्या दोन पावलं बाजूला झाल्या आणि तिथूनच फोन लावला. त्यांना फोन स्पीकरवरच लावायची सवय होती, आणि आज तर दिवसभर तसेच फोन ऐकून झाले होते.

"दादा, लग्न इकडे ठरलं. ठाण्यात. तुला उभं राहायचंय अपूर्वच्या मागे."

हरिहरराव बोलता बोलता थांबले. पलीकडून एक थकलेला, जपून बोलणारा आवाज आला. "मालू, किती वेळ उभं राहावं लागतं गं?"

मालनताईंच्या हातातून फोन हरिहररावांनी घेतला. कुणाच्याही फोनवर बोलायला ते कधी मागेपुढे बघत नसत. ती सवय आज कामी आली.

"नमस्कार, मी हरिहर गुप्ते, मुलीचा बाप. उभं कशाला राहताय? आम्ही खुर्ची ठेवतो तुम्हाला."

"खुर्चीत बसून मामा? लोक काय म्हणतील?"

"लोकांशी मी बोलतो. मी बोलायला लागलो की लोक फार वेळ थांबत नाहीत."

पलीकडे हसल्यासारखा आवाज झाला. मग "बरं" ऐकू आलं, आणि फोन बंद झाला.

उत्तमराव बायकोकडे बघत राहिले होते. "हे होतं होय?" ते म्हणाले. "मग मला सांगायचंस ना स्पष्ट. मी काय एवढा…" त्यांनी वाक्य सोडून दिलं. "माझ्याच लक्षात यायला हवं होतं. चुकलंच माझं." आणि बाकड्यावरची भेळ उचलून त्यांनी ती मालनताईंच्या हातात दिली. उद्या सकाळीच दोघांनी टिटवाळ्याला जायचं ठरलं. त्यांना नातेवाइकांकडे मुक्कामाला जायचं होतं, रिक्षा मिळाली, आणि बसता बसता मालनताईंनी सुमतीच्या गालावरून हात फिरवला.

तलावपाळीवरून नौपाड्यातलं घर जवळ, म्हणून गुप्ते नवराबायको चालतच निघाले. हरिहरराव रंगात होते. खुर्ची कसली हवी, मागे उशी हवी का, मामांना आणायला गाडी कुणाची, सगळं सुरू होतं. सुमती हं, हं करत होती.

"एक मात्र बरं झालं," ते म्हणाले. "तुला उदयपूरची हौस नव्हती ते. नाहीतर तुझा विरस झाला असता."

"होती," सुमती म्हणाली.

"काय होती?"

"हौस. फार होती. लग्न झालं तेव्हापासून होती. आजही सकाळी होती, दुपारी होती. मालनताईंच्या दादाचं कळलं नसतं तर मी तुम्हाला हरवून लग्न तिकडे नेलं असतं. सोमवार मी मुद्दाम घेतला." तिने पदराने नाक पुसलं. तिला स्वतःचाच राग आला, भर रस्त्यात काय हे. "मला तो महाल बघायचा होता, आणि तो मी मघाशी माझ्याच तोंडाने नको म्हटला."

हरिहरराव थांबले. शेजारून एक हातगाडीवाला बाजू मागत होता, तिकडेही त्यांचं लक्ष नव्हतं.

"मग एवढ्या वर्षांत बोलली का नाहीस?"

"बोलले होते. चारदा. पाचव्यांदा बोलायला तुम्ही मध्ये जागा कुठे ठेवलीत?"

पुढचा सगळा रस्ता, ते दोघं तलावाकडे पाठ करून, दिव्यांखालून, भाजीवाल्यांच्या मधून चालत गेले आणि हरिहरराव गुप्त्यांनी बायकोला एकही गोष्ट दाखवली नाही. घराच्या फाटकाशी त्यांनी कडी काढली आणि तिला आधी आत जाऊ दिलं.

"जाऊ या," ते म्हणाले. "लग्नाच्या आधीच. दोघंच."

"कधी?"

एरवी ह्या प्रश्नाला तारीख, वार, गाडीची वेळ, बरोबर न्यायचे डबे, असं सगळं एका दमात आलं असतं.

"तू सांग," ते म्हणाले.

तिला त्याची सवय नव्हती. उद्या सांगते, असं काहीतरी ती म्हणाली, आणि जिना चढता चढता, उत्तमराव थंडीबद्दल काय म्हणाले होते ते आठवायला लागली.